सरांचा फोटो आणि पारकर आजींची खोली

वकिलाच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. तारखा पडत राहतात, फाइल फुगत राहते, आणि कधीतरी दोरी सोडली की कागदांबरोबर एखादा किस्साही बाहेर पडतो. लोक ते हसायला म्हणून सांगतात. मीही हसायलाच म्हणून सुरू करते, पण दुसऱ्या किश्श्याला माझा आवाज चढतो. नवरा विचारतो, "अगं, तू विनोद सांगतेयस की भांडतेयस?" दोन्ही करतेय रे बाबा!

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या अलीकडे एका काचेच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर आमची फर्म. मी तिथे नऊ वर्षं काढली. आता बोरिवलीत माझं स्वतःचं टेबल आहे, म्हणून हे तोंड उघडलंय. फर्मचं एक बुलेटिन निघायचं, दर शुक्रवारी. आठवड्यातल्या कायद्याच्या बातम्या आणि त्यावर भाष्य. इंग्रजीत तर असायचंच, पण उपनगरातल्या सोसायट्यांचे सेक्रेटरी मराठी वाचतात म्हणून मराठीतही. लिहायची मी. नाव छापलं जायचं आमच्या सीनियर पार्टनरचं, रणदिवे सरांचं, आणि शेजारी हाताची घडी घातलेला त्यांचा फोटो. ही तिथली रीतच होती. आधीच्या ज्युनियरनेही असंच लिहिलं, तिच्या आधीच्यानेही तसंच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते. हे सगळे किस्से शेवटी जोगेश्वरीतल्या एका चाळीतल्या खोलीपाशी जातात. पारकर आजींची खोली. ती त्यांच्याकडे राहणार की जाणार, असा प्रश्न होता. आणि ती जावी म्हणून झटणारे लोक आम्ही होतो.

*

बुलेटिनमध्ये वेगाला फार महत्त्व. कोर्टाचा निकाल दुपारी लागला तर संध्याकाळी भाष्य गेलंच पाहिजे, नाहीतर समोरच्या बिल्डिंगमधली फर्म पुढे जाईल. मार्केटिंगला रिया नावाची मुलगी होती. ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून हाताची बोटं मोडायची.

एकदा सोसायटीच्या पार्किंगवर मोठा निकाल आला. ऐंशी पानं! मी वाचायला घेतला. रिया म्हणाली, "वाचतेस काय यार? चॅनेलवर हेडलाइन आलीय ना!"

मी हेडलाइनवरून लिहिलं. 'ऐतिहासिक निर्णय, सभासदांचा विजय' वगैरे. शुक्रवारी गेलं. शनिवारी मी शेवटची पाच पानं वाचली. सभासद हरले होते! धावत सरांकडे गेले. म्हटलं, दुरुस्ती छापायला हवी.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तू ऐतिहासिक म्हटलंयस ना?"

"हो सर."

"मग आहेच की. ऐतिहासिकच आहे."

"पण विजय सभासदांचा नाही झालेला."

"तावडे, ते सोड. कुणाचा तरी झालाय ना!"

दुरुस्ती छापली नाही. शंभरेक सोसायट्यांचे लोक ते वाचून बसले असतील. आजही कुणी पार्किंगवरून हातघाईवर आलेलं दिसलं की मला अपराधी वाटतं.

*

बुलेटिनच्या तळाला बारीक अक्षरात एक सूचना असायची. 'वरील मजकूर हा कायदेशीर सल्ला नाही.' आधी एक ओळ होती. कुणी तक्रार केली की सर एक वाक्य वाढवायचे. शेवटी सूचना लेखाच्या गळ्यापर्यंत आली.

आमच्याकडे जाधवकाका म्हणून कोर्ट क्लार्क होते. चाळीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला माणूस, बोलायचा कमी. ते एकदा म्हणाले, "उंदराच्या औषधावर पण एवढं लिहीत नाहीत."

एक दिवस मुलुंडहून एका सोसायटीचे सेक्रेटरी आले. रिटायर्ड मास्तर, इस्त्रीचा शर्ट, हातात बुलेटिनची प्रिंट. आमचं वाचून त्यांनी एका सभासदाला नोटीस दिली होती, आणि ती नोटीसच उलटली होती. बिचारे घामाघूम झाले होते.

सरांनी शांतपणे बोट तळाला नेलं. "मास्तर, हे वाचलंत का?"

मास्तरांनी खिशातून भिंग काढलं. खरंच काढलं! सबंध सूचना वाचली, मान हलवली, प्रिंटची व्यवस्थित घडी घातली आणि म्हणाले, "म्हणजे हा सल्ला नाही."

"नाही."

"मग जे सल्ला नाही, ते तुम्ही दर शुक्रवारी माझ्या घरी कशाला पाठवता?"

सरांनी चहा मागवला. मास्तर चहा न घेता गेले.

*

हा माझ्यावरचाच किस्सा. बायकांच्या छळाविरुद्ध ऑफिसात तक्रार समिती असलीच पाहिजे, दहा माणसं असतील तिथे असलीच पाहिजे, असा खणखणीत लेख मी लिहिला. सरांचा फोटो, सरांचं नाव. लेख गाजला. गोरेगावच्या एका कंपनीने सरांना भाषणाला बोलावलं. सर शाल-श्रीफळ घेऊन आले.

आमच्या ऑफिसात माणसं सव्वीस. समिती? छे!

मी विचारलं. सर म्हणाले, "अगं, आपल्याला कशाला? आपण फॅमिली आहोत!"

फॅमिली! ज्या घरात सुनेने जेवण करायचं आणि सासऱ्याने 'मी केलं' म्हणून पाहुण्यांना वाढायचं, तशी फॅमिली. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सरांनी वैतागून समिती केली. त्यात मी, रिया, आणि एक सदस्य कायद्याप्रमाणे बाहेरची हवी, म्हणून सरांच्या मिसेस!

"सर, बाहेरची व्यक्ती म्हणजे..."

"मग? ती ऑफिसात कधी येते का?"

*

आता गणपतीचा किस्सा. इथे माझं डोकं खरंच फिरलं.

माझे आजोबा कणकवलीजवळच्या गावातून मुंबईला आले, गिरणीत लागले. वडील गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले. मी वकील झाले. एवढं सगळं बदललं, पण गणपतीला दाराला कुलूप लावून गावी जायचं हे काही बदललं नाही. आमच्या आळीत त्या दिवसांत अर्ध्या दारांना कुलपं. शेजारच्या काकू तुळशीला पाणी घालतात, चावी त्यांच्याकडे. कोकणातल्या कुठल्याही माणसाला विचारा.

मी सात दिवसांची रजा मागितली. सर म्हणाले, "दरवर्षी काय गावी? तू नक्की राहतेस कुठे, इथे की तिथे?"

गंमत म्हणून म्हणाले. मला गंमत वाटली नाही. रजा मिळाली चार दिवस. गौरी जेवायच्या आधी मी परतीच्या बसमध्ये होते.

त्या शुक्रवारच्या बुलेटिनला विषय हवा होता. भाडेकरूंचा विषय मी घेतला आणि रागाच्या भरात एका बैठकीत लेख संपवला. भाडेपावती घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावावर असली तरी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबाचा हक्क संपत नाही, हे लिहिलं. आणि शेवटी माझ्या मनातलं लिहिलं: 'गणपतीला कुलूप लावून गावी जाणारा माणूस घर सोडत नाही. परत यायचं असतं, म्हणूनच तो कुलूप लावतो.'

लेख मंजुरीला गेला. मराठी लेखाची मंजुरी कशी व्हायची, तर सर फोटो बघायचे. "मराठी वाचायला मला वेळ लागतो गं," असं म्हणायचे. जन्म पार्ल्यातला, आडनाव रणदिवे, आणि मराठी वाचायला वेळ लागतो! त्या दिवशीही त्यांनी फोटो बघितला, म्हणाले, "जुना फोटो टाकलाय, केस जास्त दिसतायत. राहू दे."

तो लेख असा काही फिरला म्हणता! कोकणातल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, चाळींच्या ग्रुपवर, भजनी मंडळात. माझ्या मावशीने मलाच पाठवला. खाली लिहिलं होतं, 'वाच, कसा लिहिलाय साहेबांनी. तू पण असं काहीतरी लिही.'

*

पुढचं ऐका. त्या लेखामुळे रणदिवे सर भाडेकरूंच्या विषयातले तज्ज्ञ झाले. आणि तज्ज्ञाकडे पहिला कोण आला, तर चाळीचा मालक!

जोगेश्वरीतली जुनी बैठी चाळ त्याने नुकतीच विकत घेतली होती. आठ खोल्या रिकाम्या झाल्या होत्या, नववी होत नव्हती. नववी पारकर आजींची. पावती त्यांच्या सासऱ्यांच्या नावावर, सासरे बारा वर्षांपूर्वी वारले. वारले ते गावी, गणपतीत, आजींच्या मांडीवर डोकं ठेवून. मालकाचं म्हणणं असं की त्या दिवशी खोलीला कुलूप होतं, म्हणजे तिथे कुणी राहतच नव्हतं, म्हणजे आजींचा हक्कच नाही!

मालक सरांना म्हणाला, "सगळीकडे तुमचाच लेख फिरतोय. म्हटलं, या विषयात तुमच्याएवढा एक्स्पर्ट नाही." लेख त्याने वाचला नव्हता. फोटो बघून आला होता.

सरांनी केस घेतली. मी आत जाऊन म्हटलं, "सर, आपला लेख बरोब्बर याच्या उलट आहे."

"मराठीतला ना?"

"हो."

"मग कोर्टात कोण वाचतंय! तू दाव्याचा ड्राफ्ट कर."

आणि मी केला. हो, मीच केला. 'सदर खोलीस कुलूप होते' हा परिच्छेद माझ्या हातचा आहे. त्या दिवशी राजीनामा द्यायला हवा होता, दिला नाही. सरांवर मी हवी तेवढी चिडते, पण या एका गोष्टीसाठी मला स्वतःचीच चीड येते.

*

जागा बघायला म्हणून मला आणि जाधवकाकांना चाळीत पाठवलं. कुलपाचे फोटो काढायचे होते. दारात कुलूप नव्हतं, आजी होत्या. पंचाहत्तरीच्या, बारीक, नऊवारी, कपाळावर गोंदण.

काकांनी सरळ सांगितलं, "आम्ही मालकाकडून आलोय."

"येवा," आजी म्हणाल्या. "मालकाकडना इलास तरी पाणी पितलास ना?"

आम्ही आत बसलो. आजींनी मला विचारलं, "तू खंयची गो?"

"कणकवलीची."

"मगे तुका काय सांगूचा? तुका सगळा ठावक आसा."

मी खाली बघितलं. मग वर बघितलं, आणि तिथेच माझी वाट लागली. देवांच्या फळीवर, गणपती आणि सासऱ्यांच्या तसबिरीच्या मध्ये, रणदिवे सर! हाताची घडी घातलेले, जास्त केसांचे. माझा लेख प्रिंट काढून, लॅमिनेट करून ठेवला होता. फिरता फिरता फर्मचं नाव, पत्ता आणि तळची सूचना कापली गेली होती. उरला होता लेख, फोटो आणि नाव. समोर अगरबत्ती जळत होती.

"साहेबांनी माझ्या मनातला लिवल्यानी," आजी म्हणाल्या. "सरकारी फुकटची वकीलीण दिल्यानी हा माका, पण तिका टाइम नाय. माका ह्योच वकील व्हयो. खंय गावतलो, ठावक आसा तुका?"

साहेब कुठे भेटतील ते ठाऊक आहे का, याला मी "नाही" म्हटलं. कणकवलीच्या मुलीने, देवासमोर बसून!

रिक्षा जोगेश्वरीच्या बाहेर पडली. काका म्हणाले, "चाळीस वर्षांत वकिलाला अगरबत्ती पहिल्यांदा बघितली." आणि बाहेर बघत बसले.

*

शेवटचा किस्सा कोर्टातला. निकाल आजींच्या बाजूने लागला, हे आधीच सांगते. रेशनकार्ड होतं, लाइटचं बिल होतं, शेजारणींच्या साक्षी होत्या. खोली राहिली, गेल्या गणपतीत तिला कुलूपही लागलं. पण किस्सा निकालाचा नाही, त्याच्या बराच आधीच्या एका तारखेचा आहे.

त्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या फर्मचे दोन वकीलही मागच्या बाकावर, आपल्या मॅटरची वाट बघत. आजी आल्या, पिशवी छातीशी धरून. त्यांनी सरांना बघितलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्यांनी लांबून हात जोडले. सरांना वाटलं कुणी वाचक असेल, त्यांनीही हात जोडले.

मॅटर पुकारलं. सर उभे राहिले आणि अर्धा तास इंग्रजीत बोलले. कुलूप, गाव, कुलूप, गाव. बोलायला भारीच, ते नाकारता येणार नाही. आजींना इंग्रजी कळत नव्हतं. त्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या.

सर बसले. न्यायाधीश बाई होत्या, मराठी. त्यांनी आजींना विचारलं, "आजी, तुमच्या वकील कुठे आहेत?"

त्या मॅडम खालच्या मजल्यावर दुसऱ्या कोर्टात अडकल्या होत्या. पण आजी उठल्या आणि सरांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्ये काय, हयच आसत ना!"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसल्या नाहीत. "आजी, हे तर मालकाचे वकील आहेत."

"नाय नाय," आजी म्हणाल्या, आणि पिशवीतून तो लॅमिनेट केलेला कागद काढला. शिपायाने तो वर दिला.

न्यायाधीशांनी वाचायला सुरुवात केली. मनात वाचत होत्या. मग शेवटच्या ओळींपाशी थांबल्या आणि मोठ्याने वाचल्या. माझ्या ओळी, त्या भरलेल्या कोर्टात. "गणपतीला कुलूप लावून गावी जाणारा माणूस घर सोडत नाही. परत यायचं असतं, म्हणूनच तो कुलूप लावतो."

मागच्या बाकावरून कुणीतरी "वा!" म्हणालं. समोरच्या फर्मचाच वकील असणार.

"मिस्टर रणदिवे, हा फोटो तुमचा?"

"हो, युअर ऑनर. जरा जुना आहे."

"आणि हे मत?"

सर टेबलावर वाकले, पुन्हा सरळ झाले. "युअर ऑनर, त्याच्या खाली एक सूचना असते. हा कायदेशीर सल्ला नाही, अशी."

न्यायाधीशांनी कागद उलटा करून बघितला. "इथे नाही. आणि हा सल्ला नव्हे म्हटलं, तरी आत्ता अर्धा तास तुम्ही मला याच्या उलट जे सांगत होतात, ते काय होतं?"

आजींना एवढंच कळलं की आपल्या साहेबांना कुणीतरी रागावतंय. त्या घाईघाईने पुढे आल्या. "बाईसाहेब, तेंका ओरडू नकात. चांगलो माणूस आसा तो. माझ्यासाठी लिवल्यानी तेंनी."

"आजी, बसा तुम्ही. मिस्टर रणदिवे, एकच प्रश्न. हे तुम्ही लिहिलंय, की दुसऱ्या कुणी?"

सरांनी मागे वळून बघितलं. आधी माझ्याकडे. मी फाइलमध्ये डोकं घातलं होतं. मग सरांनी मागच्या बाकाकडे बघितलं, तिथे समोरच्या फर्मचे दोघे पुढे झुकून ऐकत होते.

सरांनी कोटाचं बटण लावलं, आणि छाती काढून म्हणाले, "मीच लिहिलंय, युअर ऑनर. शब्द न् शब्द माझा आहे!"